गुरुवारी वाचलेल्या लग्नाच्या चिठ्ठ्या

ज्यांची सगळी हयात रविवारच्या सुट्टीत गेली, त्यांना आधी एक गोष्ट समजावून सांगावी लागते. सत्तरच्या दशकात आमच्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असायची. वीज सगळ्यांना एकाच वेळी पुरेना, म्हणून निरनिराळ्या भागांतल्या कारखान्यांच्या सुट्ट्या निरनिराळ्या वारांना वाटून दिल्या होत्या आणि आमच्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला होता. त्या दिवशी माणसं निवांत दाढ्या करायची, सायकली धुवायची, बायकामुलांना घेऊन बाजारात जायची. आमची ख्रिस्ती मंडळी त्या दिवशी उपासनेला बसायची. संपादकांनी मला सेवेतले अनुभव लिहायला सांगितलं आहे. सेवा मी पुष्कळ वर्षं केली, पुढे पाळकही झालो, पण अनुभव म्हटलं की मला ती गुरुवारची मंडळीच आठवते. नंतरच्या बैठका आणि अहवाल कोणी वाचणार नाही. मीही वाचणार नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि माझं पद होतं बायबल शिक्षक. बाहेरच्या माणसाला पाळक आणि बायबल शिक्षक सारखेच वाटतात. पाळकाला बाप्तिस्मा देता येतो, लग्न लावता येतं, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस देता येतो. बायबल शिक्षकाला यातलं काहीच करता येत नाही. त्यानं शास्त्राचा पाठ शिकवायचा, गाणी बसवायची, घरोघर जाऊन प्रार्थना करायची, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं, गावाकडून आलेली पत्रं वाचून दाखवायची, आणि कुणाकडे नवराबायकोचं वाजलं असेल तर दोघांच्या मध्ये बसून चहा प्यायचा. हे शेवटचं काम मला पहिल्यापासून छान जमायचं.

चिंचवडला येण्याआधी सहा महिने मी पुण्यातल्या एका मोठ्या मंडळीत पाळकसाहेबांच्या हाताखाली होतो. साहेब साठीला आलेले, उंच, पांढरा शुभ्र झगा, घड्याळ कधी एक मिनिट मागे नाही की पुढे नाही. त्यांनी मला पहिलं काम दिलं ते सभासदांचा पट नव्यानं उतरवून काढण्याचं. नियम असा होता, की जो सभासद वर्षभर प्रभुभोजनाला आला नाही, त्याच्या नावावर लाल रेघ मारायची, शेजारी 'गैरहजर' लिहायचं आणि नव्या पटात ते नाव घ्यायचं नाही. माझं अक्षर चांगलं. फक्त शब्द संपला की शेवटच्या अक्षराखाली एक लांब शेपूट ओढायची मला खोड होती. साहेब म्हणायचे, "ही शेपूट कशाला? आपण पट लिहितोय, पतंग नाही उडवत." तरी ती निघायचीच. मी तो पट तीन दिवसांत पूर्ण केला. माणसं वर्षभर का आली नाहीत, हा प्रश्न मला तीन दिवसांत एकदाही पडला नाही.

मग साहेबांनी मला चिंचवडला पाठवलं. तिकडे कारखान्यांत नगर, जालना भागातली आपली बरीच माणसं आली आहेत, ती विखुरली आहेत, त्यांना गोळा कर, असं सांगून. मी सायकल घेतली आणि चिंचवड, थेरगाव, पिंपळे गुरव करत फिरायला लागलो. पहिल्याच आठवड्यात कळलं, की ही माणसं काही विखुरलेली नव्हती. ती दर गुरुवारी थेरगावात पारूबाईंच्या कांद्याच्या वखारीत एकत्र जमत होती.

पारूबाई म्हणजे आमच्या मंडळीतल्या पुष्कळांची घरमालकीण. थेरगावातलं जुनं शेतकरी घर, रानात दहा खोल्यांची चाळ बांधलेली, तिच्या शेजारी पत्र्याची वखार. कांदा भाव येईपर्यंत तिथं पसरायचा आणि मग ट्रकनं चाकणच्या बाजारात जायचा. रिकाम्या अर्ध्या भागात आमची सतरंजी. पारूबाई खंडोबाच्या भक्त. उपासना चालू असताना त्या दारात बसून सडके कांदे निवडायच्या, खराब भाग विळीवर कापून टाकायच्या. त्यामुळे माझ्या पहिल्याच उपदेशाला सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी सांगतो तुम्हाला, तेवीस वर्षांच्या उपदेशकाला एवढं सुख पुन्हा मिळणार नाही. चौथ्या गुरुवारी कांदा चाकणला गेला तेव्हा माझे डोळे उघडले.

त्या पहिल्या गुरुवारी उपासना संपल्यावर मी फळ्यावर पुढच्या आठवड्याचं वचन लिहून दिलं. माणसं वह्यांत उतरवून घेत होती. मागे एक काळासावळा, जाड भिंगांचा चष्मा लावलेला माणूस फळ्याकडे नुसता बघत उभा होता. सगळे पांगल्यावर तो पुढे आला.

"सलाम, मास्तर. मी शांतवन पाटोळे. जेवायला चला."

मी चरकलो. हे नाव मला माहीत होतं. मीच त्यावर रेघ मारली होती. एवढ्या नावांतलं हेच कसं लक्षात राहिलं म्हणाल, तर त्याच्या वडिलांचं नाव आणि माझ्या वडिलांचं नाव एकच होतं, दगडू, म्हणून. मी त्याच्या मागोमाग त्याच्या खोलीवर गेलो. बायको राहेलबाईंनी बाजरीची भाकरी आणि सुकट वाढली. थोरली मुलगी करुणा पाणी द्यायला आली. शांतवन म्हणाला, "हिला नर्सिंगला घालायचं होतं, पण यंदा जमलं नाही." मी म्हणालो, "पुढच्या वर्षी जमेल." आणि तिसरी भाकरी घेतली.

त्याला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, ओळख झाल्यावर सांगू. ओळख झाली, तर वाटलं, आता एवढ्या ओळखीवर कसं सांगायचं? दर गुरुवारी मी त्यांच्याकडे जेवलो आणि दर गुरुवारी माझी लाज थोडी जास्त झाली.

कारखान्यातल्या माणसांना बायबल शिकवणं हा निराळाच प्रकार होता. बायबल शाळेत आम्हाला शंकेखोर माणसाला कसं उत्तर द्यावं हे शिकवलं होतं, पण टूलरूममधल्या माणसाला कसं द्यावं हे नव्हतं शिकवलं. नोहाच्या तारवाची लांबी तीनशे हात म्हटल्याबरोबर एकानं विचारलं, "कोणाच्या हातानं?" दुसऱ्यानं खिशातून टेप काढली आणि मंडळीतले पाच हात मोजून सरासरी काढली. तिसरा म्हणाला, एवढं मोठं दार आत उघडत असणार, बाहेर उघडलं तर पाण्याचा दाब पेलणार नाही. त्यावर पाऊण तास चर्चा झाली आणि माझा उपदेश राहूनच गेला. रात्रीच्या तिसऱ्या पाळीवरून थेट उपासनेला येणारे चार-पाचजण भिंतीला टेकून बसत आणि दुसऱ्या गाण्याला झोपत. सुरुवातीला मी आवाज चढवायचो. राहेलबाई एकदा म्हणाल्या, "झोपू द्या मास्तर. घरी पोरं झोपू देत नाहीत. इथं देवाच्या घरात तरी." तेव्हापासून त्यांच्या बाजूला मी हळू बोलायला लागलो.

शांतवन कधी झोपला नाही. तो लेथवर होता. तीन वर्षं तो रविवारी कामावर आणि गुरुवारी वखारीत असायचा. आमच्या मंडळीत प्रभुभोजन मिळायचं नाही, कारण ते द्यायला पाळक लागतो आणि साहेबांच्या मते प्रभूचा दिवस रविवार. मी दोनदा पत्र लिहून विनंती केली होती. उत्तरात एक कार्ड आलं: "सुट्टी कारखान्याने ठरवावी, प्रभूचा दिवस नव्हे."

अशात करुणाचं लग्न ठरलं. मुलगा योहान, मिशनच्या एका इस्पितळात कंपाउंडर, आईबाप नसलेला, काकाच्या आधारानं वाढलेला. त्याला विदर्भातल्या इस्पितळात बढतीची जागा मिळाली होती आणि तिथली खोली लग्न झालेल्यालाच मिळणार होती. महिन्याभरात हजर व्हायचं होतं. काकानं स्पष्ट सांगितलं होतं, लग्न लेंटच्या आधी झालं तर ठीक, नाहीतर त्यांच्या बघण्यात दुसरी मुलगी आहे. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस. त्यात आमच्यात लग्नं लागत नाहीत. म्हणून लेंट लागायच्या आधीचा गुरुवार धरला. सगळ्या चाळीला सुट्टी, वखार रिकामी करून द्यायचं पारूबाईंनी कबूल केलेलं. लग्न लावायला साहेबांनी होकार कळवला होता आणि चिठ्ठ्या वाचून घे, असं मला लिहिलं होतं.

चिठ्ठी म्हणजे आमच्याकडे लग्नाआधी मंडळीत तीन वेळा जाहीर वाचतात ती. अमक्याची मुलगी, तमक्याचा मुलगा, यांचा विवाह योजला आहे, कोणाला अडचण ठाऊक असेल तर त्यानं सांगावं. हे वाचायला पाळक लागत नाही. माझ्या हातात एवढा एक अधिकार होता आणि तो मी मोठ्या ऐटीत वापरला. दोन गुरुवारी दोन चिठ्ठ्या वखारीत वाचल्या. साहेबांच्या मनात कुठली मंडळी आणि कुठला वार असेल, हा विचार मला शिवला नाही असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. खरं सांगायचं तर शिवला होता. विचारलं तर नाही म्हणतील, म्हणून विचारलं नाही.

सोमवारी मी कागद घेऊन पुण्याला गेलो. साहेबांनी चष्मा लावला.

"कोणकोणत्या रविवारी वाचल्या?"

"गुरुवारी, साहेब. दोन्ही."

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते कॅलेंडरकडे बघून म्हणाले, "लेंटच्या आधी आता दोनच रविवार आहेत. तिसरी चिठ्ठी लेंटमध्ये जाते. लग्न ईस्टरनंतर."

"ईस्टरनंतर ते लग्नच राहत नाही, साहेब."

"आणि वधूचा बाप आपल्या पटावर आहे का?" त्यांनी पट काढला, जुना, पान उलटलं आणि बोट ठेवलं. लाल रेघ, 'गैरहजर', खाली माझी शेपूट. "ही तूच मारलीस ना?"

मी मान हलवली. पण तिथून हललो नाही. मी म्हणालो, "साहेब, तुमच्या मंडळीत रविवारी ही चिठ्ठी वाचली, तर ऐकणाऱ्यांतल्या एकालाही ही मुलगी ठाऊक नाही. मग अडचण सांगणार कोण? वखारीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे तिला गोवर कधी आला आणि तिनं कोणाचं पोर सांभाळलं. चिठ्ठी ओळखीच्या लोकांत वाचायची असते ना?"

साहेबांनी पट मिटला. मग म्हणाले, "तू जा आता."

संध्याकाळी शांतवनच्या खोलीत जाऊन मी चिठ्ठ्यांचं सांगितलं. माझी चूक आहे, हेही सांगितलं. पटाचं तेव्हाही सांगितलं नाही. राहेलबाई पदरानं तोंड झाकून चुलीपाशी बसून राहिल्या. करुणा उठून बाहेर गेली. शांतवन चष्मा पुसत म्हणाला, "गुरुवारपर्यंत बघू. तुम्ही हात धुवा, मास्तर."

मी हात धुतले, पण त्या दिवशी पहिल्यांदाच दुसरी भाकरी घेतली नाही.

गुरुवारी उपासना सुरू होऊन पहिलं गाणं चालू होतं, तेवढ्यात वखारीच्या दारात पांढरा झगा दिसला. साहेब बसनं चिंचवडला उतरून चालत आले होते, काखेत चामडी पिशवी, बुटांवर धूळ. मी उठलो, तर त्यांनी हातानं खाली बस म्हणून खुणावलं आणि तिसऱ्या पाळीच्या झोपलेल्या माणसांशेजारी सतरंजीवर मांडी घातली. मी त्या दिवशी काय उपदेश केला ते देवालाच माहीत. साहेबांनी अवतीभवती बघून घेतलं. सव्वाशे तरी माणसं होती. दारात पारूबाई विळी घेऊन होत्याच.

उपदेश संपला तेव्हा साहेब उठले. माझ्या हातातून चिठ्ठी घेतली आणि त्यांच्या त्या घंटेसारख्या आवाजात वाचली. "शांतवन पाटोळे यांची कन्या करुणा... कोणास काही अडचण ठाऊक असल्यास त्याने आता सांगावे."

आणि दारातून आवाज आला.

"माझी हरकत हाय."

पारूबाई उभ्या राहिल्या होत्या. राहेलबाईंनी शेजारणीचा हात धरला. दोन गुरुवारी मी हेच वाक्य वाचलं होतं, पण इतकं भराभर, की ते उत्तर मागतंय हे पारूबाईंना कळलंच नव्हतं.

"तुम्ही मंडळीतल्या?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई. आमी खंडोबाचे. पर तुमी म्हनला, कुनाला ठावं आसंल त्यानं सांगावं. मला ठावं हाय." त्या शांतवनकडे वळल्या. "राग धरू नका भाऊ. पोरगी सोन्यावानी हाय. पर तिला दमा हाय. थंडीत उशीला टेकून बसून ऱ्हाती. मी आसते तिच्यापाशी, मला ठावं. ह्ये नवऱ्याच्या मान्साला सांगितलंय का? उद्या तिकडं लांब न्हेऊन, फसवलं म्हनून धाडली म्हंजी?"

शांतवननं मान खाली घातली. सांगितलं नव्हतं.

योहान त्या दिवशी आला होता, बाजाच्या पेटीजवळ बसला होता. लाजाळू मुलगा, कान लाल झालेले. तो उठला. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "करुणानं पहिल्याच भेटीत सांगितलं. म्हणाली, आधी हे ऐका, मग चहा घ्या. मी इस्पितळातच काम करतो. औषध मीच बनवतो."

पारूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग माझं काय न्हाई," त्या म्हणाल्या. "लावा लगीन." आणि खाली बसून पुन्हा कांदे निवडायला लागल्या.

साहेब खिशातून रुमाल काढून डोळे टिपत होते. कांदा होताच. मग ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी चिठ्ठ्या वाचतोय. लोक तेवढ्यात चपला शोधतात. मला आजवर कोणी उत्तर दिलं नव्हतं." त्यांनी कागदावर सही केली, तिन्ही वाचनांच्या तारखा माझ्याकडून विचारून घेतल्या आणि प्रत्येक तारखेपुढे स्वतःच्या हातानं 'गुरुवार' लिहिलं.

पुढच्या गुरुवारी लग्न लागलं. पारूबाईंनी वखार सारवून दिली तरी पाहुण्यांच्या कपड्यांना कांद्याचा वास लागलाच. साहेबांनी त्या दिवशी तिथं प्रभुभोजन दिलं आणि पुढे दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, निवृत्त होईपर्यंत, ते बसनं येत राहिले. करुणा विदर्भात गेली, तिथंच नर्सिंग शिकली, आणि नाताळला तिचं पत्र यायचं ते पारूबाईंनाही मीच वाचून दाखवायचो. नंतर आमचं देऊळ, म्हणजे चर्च, झालं, पक्कं, रंग दिलेलं, आणि उपासना रविवारची झाली. पाळीवरची माणसं हळूहळू कमी झाली. मी तेव्हा पाळक होतो आणि तो निर्णय माझ्या सहीनं झाला, याची मला अजून रुखरुख आहे.

पण त्या तिसऱ्या चिठ्ठीच्या दिवशीचं मी अजून सगळं सांगितलेलं नाही. सही झाल्यावर साहेबांनी पिशवीतून नवा पट काढला आणि सगळ्यांच्या देखत माझ्यासमोर ठेवला. "तूच काढलंस," ते म्हणाले, "तूच घाल." आणि पाणी प्यायला निघून गेले.

शांतवन शेजारी उभा होता. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्याच्याकडे न बघता सगळं बोललो. पट मीच उतरवला, रेघ मीच मारली, पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. मग त्याचं पूर्ण नाव सावकाश लिहिलं आणि शेवटच्या अक्षराशी हात आवरून धरला.

तो वाकून बघत होता. "मास्तर," तो हळूच म्हणाला, "शेपूट राहिली."

मी वर बघितलं.

"करुणाच्या नर्सिंगला मंडळीचा दाखला लागत होता. मी पुण्याला गेलो, तर तिथल्यांनी पट उघडून दाखवला. लाल रेघ, खाली ही येवढी शेपूट. दाखला काही भेटला नाही. मग तुम्ही इथं आले, पहिल्याच गुरुवारी फळ्यावर वचन लिहिलं. मी मागं उभा होतो."

"पहिल्याच गुरुवारी कळलं?"

"पहिल्याच."

"आणि त्याच दिवशी मला जेवायला नेलंत?"

"एक वाजून गेला होता," शांतवन म्हणाला. "उपाशी होते तुम्ही."

मला पुढचं दिसेना. मी पेन पुन्हा टेकवलं आणि त्याच्या नावाखाली शेपूट ओढली.